मुद्देमाल

“पाय टेबलावर ठेव,” महिपतराव कारकून म्हणाले.

धाकूने जन्मात कधी सरकारी टेबलाला हात लावला नव्हता, आणि आता एकदम पाय. तो अंग चोरून उभाच राहिला. शेवटी विश्राम शिपायाने त्याला उचलून स्टुलावर बसवलं आणि त्याचे दोन्ही पाय दौतीच्या शेजारी मांडले. घोट्यापासून टाचेपर्यंत ते पांढरेफटक होते.

महिपतराव कोलशेतच्या मिठागराच्या नाक्यावर नवे आले होते. मीठ सरकारचं, चिमूटभर नेलं तरी चोरी, असा राणीच्या राज्यातला कायदा. त्यावर महिपतरावांचं स्वतःचं मत असं, की गरीब माणूस संधी मिळाली की चोरतो, आणि मिळाली नाही तर शोधत बसतो. रोज मजूर घरी निघाले की ते त्यांची धडुती झाडून बघत, भाकरीच्या टोपल्या उलट्या करत. आठ दिवसांत काहीच सापडलं नाही, तेव्हा हे लोक सराईत आहेत अशी त्यांची खात्रीच पटली. नवव्या दिवशी भर दुपारी त्यांची नजर धाकूच्या पायांवर गेली.

“पायाला लावून नेतोस होय रे?”

“रोजचाच हाय भाऊसाहेब. मिठान काम करताव, पाय पांढरं व्हनारच.”

“म्हणजे रोज,” असं म्हणून महिपतरावांनी कबुलीजबाब लिहून घेतला.

एकदा मिठाचा चोर ठरलेल्या माणसाला आगरात पुन्हा पाऊल टाकता येत नसे. धाकूच्या बापाने मीठच पिकवलं होतं, आज्यानेही. शेत नाही, होडी नाही. वाफ्यातलं पाणी बोटाने जिभेवर टेकवलं की मीठ किती दिवसांत बसेल ते तो सांगे, आणि ते कधी चुकत नसे. ती जीभ सोडली तर त्या बापड्याकडे काहीच नव्हतं.

पाय हा आता मुद्देमाल झाला होता आणि मुद्देमालाला सील लागतं. एकेक पाय वेगळ्या फडक्यात बांधून गाठीवर लाख ओतण्यात आली. धाकू विव्हळला, तर महिपतरावांनी मुद्देमालाला हलायची मनाई केली. सील तोडू नये म्हणून त्याचे हात पाठीमागे बांधले. एवढं झाल्यावर धाकू निमूटपणे ठाण्याला मामलेदार कचेरीच्या वाटेला लागला, तेव्हा महिपतराव धावतच आडवे आले. चालताना मीठ झडलं तर पुरावा नष्ट झाला असता. मग विश्राम आणि राघो या दोन शिपायांनी त्याला एका खुर्चीत बसवून खुर्चीसकट खांद्यावर घेतलं आणि वैशाखाच्या उन्हात ठाण्यापर्यंत वाहून नेलं. मागून छत्री धरून महिपतराव. वाटेत धाकूची चुलती आवडाबाई भेटली. धाकूला पाटीलकी मिळाली असं तिने संध्याकाळपर्यंत गावभर सांगितलं.

ठाण्याच्या कचेरीत मामलेदारांनी स्वतः सील फोडलं. पाय दुपारभर फडक्यात उकडून निघाले होते, पण पांढरे होतेच.

“हे मीठच कशावरून?” मामलेदारांनी विचारलं. “चुनाही असू शकेल. चाखून बघा.”

महिपतराव दोन पावलं मागे सरले. आगऱ्याच्या पायावरचं तोंडात घातलं असतं तर त्यांना घरात कोणी घेतलं नसतं. विश्रामला त्याच दिवशी उपास निघाला, राघोचा दात दुखू लागला. कचेरीत दुसरं कोणी पुढे होईना. तेव्हा मामलेदारांनी खूप विचार करून आरोपीलाच चाखायला सांगितलं.

विश्रामने सुरीने थोडं खरवडून पळसाच्या पानावर घेतलं आणि ते धाकूच्या तोंडाशी नेताना हळूच पुटपुटला, “अळणी आहे म्हण. सुटशील, गाढवा.”

धाकूलाही ते कळत होतं. एक शब्द, की उद्या सकाळी तो पुन्हा वाफ्यावर. पण मिठाच्या बाबतीत ती जीभ आजवर कधी खोटं बोलली नव्हती, आणि आता बोलायला तिला जमेना. त्याने डोळे मिटून चव घेतली.

“मीठच हाय, साहेब.”

महिपतरावांनी समाधानाने मान हलवली.

“पन आगराचा नाय,” धाकू पुढे म्हणाला. “आगराचा मीठ येगला लागतो. यो माजे घामाचा हाय.”

मामलेदार खूश झाले. इतका चोख साक्षीदार त्यांना कितीतरी वर्षांत मिळाला नव्हता. “म्हणजे चोरी नाही,” ते म्हणाले. मनाने धाकू आगरात पोचलासुद्धा.

महिपतराव मात्र कायद्याचं पुस्तक चाळत होते. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

“चोरी नाही हे मान्य, रावसाहेब. पण मग सरकारी परवान्याशिवाय मीठ तयार केलं. हा गुन्हा चोरीहून मोठा आहे.”

मामलेदारांनी कलम दोनदा वाचलं. घामाला सूट कुठेच दिलेली नव्हती. “परवाना आहे का रे तुझ्याकडे?” त्यांनी धाकूला विचारलं.

कचेरीत वारा नव्हता. मामलेदारांच्या कपाळावरून एक थेंब ओघळून कलमावर पडला, तसा त्यांनी घाईने रुमाल काढला आणि तोंड कोरडं करून टाकलं. महिपतरावांनी उपरण्याने मान पुसली, शिपायांनी बाह्यांनी गाल पुसले, मागे बसलेल्या एका वकिलाने पगडी काढून डोकंसुद्धा पुसून घेतलं. बघता बघता सगळी कचेरी कोरडी आणि निर्दोष झाली.

धाकूचे हात तेवढे पाठीमागे बांधलेले होते.