लांबची चाल

दादाला लेकीकडे न्यायला गाडी दाराशी येऊन उभी राहिली, तरी धाकट्याला चाल सापडली नव्हती.

दादाचं कवळ्या बनवायचं दुकान रिकामं झालं होतं. टेबलावर तेवढा बुद्धिबळाचा पट उरला होता. मोहरी दादानंच उरल्यासुरल्या मालातून घडवलेली. पांढरी दातांच्या मसाल्याची आणि काळी म्हणायची ती हिरड्यांच्या, म्हणजे चक्क गुलाबी. या बत्तिशीसमोर बसून दोघा भावांनी जन्मभर कोडी सोडवली. साधा डाव दोघांनाही अळणी वाटायचा, कोड्याला काहीतरी अट हवी. घोड्यानं मागं फिरायचं नाही, नाहीतर राजाला हात लावायचा नाही. मांडणाऱ्यानं उत्तर सांगायचं नाही, ही अट मात्र कायमची.

आजचं कोडं दादाचं होतं. गुलाबीनं दर खेपेला जमेल तितकी लांबची चाल करायचीच, आणि पांढऱ्यानं गुलाबी वजीर कोंडायचा.

धाकट्यानं वजिरावर उंट सोडला. दादानं वजीर उचलून पार पलीकडच्या कोपऱ्यात नेला. धाकट्यानं घोडा अंगावर घातला. वजीर पुन्हा अलीकडच्या टोकाला.

"हा काही हाती लागत नाही," धाकटा वैतागला.

"तू त्याच्या मागं लागतोस, मग तो लांबच जाणार. अटच आहे तशी."

धाकट्यानं मोहरी परत जागेवर लावली. खरं तर त्याचं अर्धं लक्ष दुसरीकडेच होतं. सकाळी निघताना बायकोनं त्याला दारातच गाठलं होतं. मागची खोली तिनं झाडूनपुसून ठेवली होती, पलंगावर नवी चादर घातली होती. "भाऊजी लेकीकडे जातायत ते काही मनापासून नाही. त्या परक्या गावात एकटे पडतील. तुम्ही आज तोंड उघडा. आमच्याकडे राहा, एवढंच म्हणायचंय."

"म्हणतो गं."

म्हणणारच होता तो. पण दादाशी असं काही बोलायची त्याला सवय नव्हती. म्हणून त्यानं ठरवलं, आधी कोडं सोडवू. सुटलं की दादा हसेल, पाठीवर थाप मारेल, आणि त्या भरात आपणही बोलून टाकू.

बाहेर हॉर्न वाजला. दादानं बॅग उचलली.

"उत्तर सांगू नकोस हं," धाकटा घाईघाईनं म्हणाला.

"मी कुठं सांगतोय?" दादा दारात थांबला. जरा जास्तच थांबला. "बरं, येतो मग."

"पोचलास की फोन कर."

एवढंच सुचलं त्याला. गाडी कोपऱ्यावरून वळली, तो आत आला आणि सवयीनं पटासमोर बसला.

आणि चाल दिसली. पांढऱ्या राजापाशी एक प्यादं होतं, बिनकामाचं वाटलेलं. ते एक घर पुढं सरकलं की वजिराची लांबची वाट बंद. शह नाही, मारामारी नाही, नुसतं आडवं उभं राहायचं. मग वजिराला जवळचंच घर उरत होतं, आणि तिथं तो कोंडलाच जायचा.

धाकट्याला स्वतःची भयंकर चीड आली. त्यानं फोन लावला. दादानं लगेच उचलला.

"सुटलं?"

"सुटलं. प्यादं एक घर पुढं." धाकटा एका दमात म्हणाला. "दादा, परत ये ना. मागची खोली तयार आहे. आमच्याकडेच राहा."



"बरोबर सोडवलंस," दादा म्हणाला. "पण ती चाल माझ्या लांबच्या चालीआधी करायची होती रे."