जे असेल ते लिहून द्या

उत्तर पेव्हरेलबाईंनीच आणून दिलं. सकाळची तालीम मध्येच थांबली होती आणि बायकांच्या रंगपटात सुझॅना थर्केल एकटीच होती.

"मालकांनी दिलंय," एवढंच म्हणून बाई समोरच्या स्टुलावर बसल्या आणि राणीच्या झग्याचा उसवलेला काठ शिवू लागल्या.

मालक, म्हणजे कॉटमसाहेब, थिएटरच्याच माडीवर राहायचे. पण नटांचं गाऱ्हाणं असो की मागणं, तोंडी ऐकायचं नाही, हा त्यांचा नियम. "समोर आलात की तुम्ही रडता. त्यातलं खरं किती आणि नाटक किती, हे ओळखण्यात माझी वीस वर्षं गेली. जे असेल ते लिहून द्या." मग अकरा पायऱ्यांवर राहणाऱ्या माणसाला सगळी मंडळी पत्रं लिहायची आणि तेही पत्रानंच उत्तर द्यायचे. काल सुझॅनानंही लिहिलं होतं.

तिनं घाईघाईनं पत्रावरची लाखेची मोहर फोडली. वर तारीख होती, १० ऑक्टोबर १८११. अक्षर मालकांचं नव्हतं.

तिरकं, उंच, ओळीच्या शेवटी किंचित वर चढणारं ते अक्षर तिच्या चांगल्याच ओळखीचं होतं. कंपनीत आल्यापासून तिच्या प्रत्येक भूमिकेची नक्कल याच अक्षरात तिच्या हाती पडली होती. पाठांतर तिनं याच अक्षरावरून केलं होतं.

'मिस थर्केल यांस. आपलं म्हणणं समजलं. मिसेस पेव्हरेल यांचं वय आणि स्मरणशक्ती पाहता येत्या सोमवारपासून राणीची भूमिका आपणांस देत आहे. यापुढे त्या दाईचं काम करतील. मान्य असल्यास तसं लेखी कळवावं.'

खाली मालकांची वेडीवाकडी सही. मजकुरात एकही खाडाखोड नव्हती.

"मालकांचा हात…"

"सांधे सुजलेत. कालपासून टाक धरवत नाही. डोळेही आता साथ देत नाहीत. म्हणाले, बाई, तुम्हीच वाचा आणि तुम्हीच लिहा." बाईंनी दोरा दातानं तोडला. "कालपासून नऊ पत्रं झाली. फॉस्डिकला शेवटच्या अंकात मरायच्या आधी अजून दोन वाक्यं हवीयत."

"माझंही…"

"तुझंही वाचलं."

सुझॅनाचे कान तापले. मंगळवारी चौथ्या अंकात दासी होऊन ती युवराजाच्या मरणाची बातमी घेऊन आली, आणि तिचं डोकं एकदम कोरं झालं. पाच-सहा श्वास सगळं थिएटर गप्प. मग राणी झालेल्या पेव्हरेलबाई पुढे आल्या, त्यांनी तिची हनुवटी उचलली आणि म्हणाल्या, "बोलू नकोस. तुझ्या डोळ्यांत दिसतंय, माझा मुलगा गेला." लोक रडले. मालक तेव्हा बाहेर तिकिटांच्या खिडकीपाशी होते. पत्रात सुझॅनानं लिहिलं होतं की बाई वाक्य विसरल्या आणि प्रसंग तिनं सावरला.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"मला वाचायला बोलावलं होतं. वाचलं." बाईंनी सुईत नवा दोरा ओवला. पहिल्याच खेपेला ओवला. "दोनदा वाचायला लावलं त्यांनी. दुसऱ्यांदा जरा बरं जमलं. 'बिचाऱ्या पेव्हरेलबाई' असं म्हटलंयस ना, तिथे आवाज खाली घेतला मी."

सुझॅना उठली. "मी वर जाते. आत्ता सांगते त्यांना."

"वर जाशील आणि रडशील. मालक म्हणतील, पोरगी काय सुंदर काम करते. सोमवारची वाट न बघता हा झगा आजच देतील तुला." बाईंनी झगा बाजूला ठेवला आणि फळीवरची दौत आणि टाक तिच्यापुढे सरकवले. "लेखी हवंय त्यांना, तर लिही. वर नेणार मीच, वाचणारही मीच."

सुझॅना बसली. तिनं 'महाशय' लिहिलं. मग तिनं 'मंगळवारी चौथ्या अंकात' असं लिहिलं, आणि तिथून अक्षर बारीक होत गेलं, इतकं की ओळीचा शेवटचा शब्द तिचा तिलाच नीट दिसेना.

बाई तिच्या खांद्यावरून वाकल्या.

"अक्षर मोठं काढ," त्या म्हणाल्या. "वाचताना मी थांबले, तर तेही माझ्या वयावर जाईल."