शेवटचा शेरा

गुणाबाईने पाण्याचा गिलास तोंडाजवळ नेला आणि देवाजीने बायकोचे मनगटच धरले. “पिऊ नोको. कोनीच पिऊ नोका इथी!”

भोजनालयातले सारे जेवणारे वळून पाहू लागले. ३१ मे १९८५. आरोग्य निरीक्षक देवाजीच्या नोकरीचा शेवटचा दिवस. घनश्यामसेठने नवराबायकोला आग्रहाने जेवायला बसवले होते. सेठची एकाच नावाची तीन भोजनालये होती: आरमोरीला हे, पुढे गडचिरोलीला, त्याच्याही पुढे चामोर्शीला. तिन्हीकडे गल्ल्याच्या वर तपासणीचा कागद काचेत मढवून टांगलेला. ‘स्वच्छता उत्तम. पाणी शुद्ध.’ खाली देवाजीची सही. अकरा वर्षे कागद दरसाल नवा, शेरा तोच.

सेठ हसत जवळ आला. “काय झालं, भाऊ?”

“मागच्या टाकीले झाकन नाई. भांड्याचं खरकटं पानी तिच्यात झिरपते.”

सेठचे हसू मावळले. तो कानाशी वाकला. “दिवाळीचं तांदळाचं पोतं इसरले का? अन् पेन्शनचे कागद अजून व्हायचे हायेत. लोक विचारतीन, मंग त्या सह्या कायच्या होत्या? गुमान जेवा.”

सेठ खोटे बोलत नव्हता. देवाजीने गुणाबाईकडे पाहिले. काही न कळून ती गिलास तसाच धरून बसली होती. देवाजी उठला. खुर्चीवर चढून त्याने चौकट उतरवली, कागद बाहेर काढला, जुन्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले. मग साऱ्यांना ऐकू जाईल असे वाचले, “टाकी उघडी. पाणी पिण्यास अयोग्य. टाकी साफ होईपर्यंत भोजनालय बंद.”

“तुमी तं आज रिटायर झाले!” सेठ ओरडला.

“सांजच्याले होतो. आता बारा वाजले. एकची बस धरतो. गडचिरोली अन् चामोर्शी दोनी करतो.”

कोपऱ्यातला एक जण भाताने माखल्या हातानेच उभा राहिला. आरामशीनवर लाकडे कापणारा मंगरू. महिन्यापूर्वीच तो काविळीतून उठला होता. डोळ्यांत अजून पिवळी झाक होती.

“भाऊ, मी तं तुमची सही पाहूनच इथी जेवतो,” तो म्हणाला. “गावातल्या हिरीवर संशय घेतला मी. इथल्या पान्यावर कधी नाई घेतला. तुमाले हे आजच दिसलं का?”

हो म्हणणे सोपे होते. सेठ मागून मान हलवून तेच सुचवत होता.

“नाई, बाबू,” देवाजी म्हणाला. “अकरा वर्षांपासून माहीत हाये. म्हनून तं मी इथलं पानी एकदाबी पेलो नाई.”