अ‍ॅबिसिनियाचं पदक

इथिओपियाने अदवाच्या लढाईत इटलीच्या फौजेला धूळ चारली, त्या विजयाचा राष्ट्रीय सण जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये साजरा होत होता. “घरात कोणाचं पदक असेल तर लावून ये,” लॅबमधली इथिओपियन मैत्रीण मेकदेस म्हणाली होती, म्हणून वल्लरीने पुण्याहून आणलेलं पूर्वजांचं पदक कुर्त्यावर लावलं. मेकदेसच्या आजोबांनी त्यावरचं ‘अ‍ॅबिसिनिया’ वाचलं. “हे तर आमच्या देशाचं जुनं नाव! पोरी, तुझे पूर्वज आमच्यासाठी लढले?” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्षरांमधला इंग्लंडच्या राणीचा चेहरा वल्लरीला आजवर नुसती नक्षी वाटायचा; आज त्याकडे बघताना तिला घरी ऐकलेली मोहीम आठवली. “नाही आजोबा. ते अदवाच्या आधी इंग्रजांच्या फौजेतून तुमचा गड घ्यायला आले होते.” टाळ्या थांबल्या. तिने पिन काढायला घेतली. “राहू दे.” आजोबांनी तिचा हात धरला. “माझे पणजोबा त्याच गडावर मारले गेले. त्यांचं काहीच परत आलं नाही. त्या लढाईतलं आमच्यापर्यंत पोचलेलं हे एवढंच.”