तीन मिनिटांचं ड्रिल

"बसप्पा, ही तुझी शेवटची संधी," सुकन्या म्हणाली. "पुन्हा कुणा भलत्याच बाईचा हात धरलास, तर टोपी काढून ठेवायची आणि चालू लागायचं."

बसप्पानं डोक्यावरची टोपी सरळ केली. गेल्या आठवड्यात त्यानं नातवाला घेऊन निघालेल्या एका आजीला फाटकावर अडवलं होतं, आणि तिच्या मुलानं दवाखाना डोक्यावर घेतला होता. अक्कलकोटकडचा हा आडमुठा रखवालदार तेव्हापासून सुकन्याच्या डोळ्यांत सलत होता.

तशी तिला सगळ्यांचीच चीड आली होती. दवाखान्याच्या मानांकनाची पाहणी आज होती, आणि गुण द्यायची रीत नेमकी यंदा बदलली होती. पूर्वी बाळचोरीच्या ड्रिलचा कागद फायलीला लावला की गुण मिळायचे. आता परीक्षक घड्याळ लावून वर प्रसूती वॉर्डात बसले होते. घोषणेपासून तीन मिनिटांत चोर पकडून ड्रिल बंद झालं नाही, तर शून्य. आणि शून्य आलं तर क्वालिटी मॅनेजरची खुर्ची रिकामी करायची, असं दवाखान्याचे मालक डॉक्टर पृथ्वीराज यांनी तिला चारचौघांत सुनावलं होतं.

तिनं कसर ठेवली नव्हती. चोर अनोळखी हवा म्हणून रेश्मा सिस्टरनं टेंभुर्णीहून आपली मावशी बोलावली होती. सुकन्यानंसुद्धा तिला पाहिलं नव्हतं. रेश्मा स्वतः सकाळपासून ऑपरेशन थिएटरमध्ये अडकली होती. वॉर्डातल्या बायकांनी घाबरू नये म्हणून सुकन्यानं त्यांना आधीच सांगून टाकलं, "अकराला एक बाई चादरीत बाहुली गुंडाळून नेईल. ती बाहेर पडली की सिस्टर स्पीकरवर 'कोड पिंक', म्हणजे बाळ चोरीला गेलं, असं पुकारतील. कुणी ओरडायचं नाही."

"चादर कंच्या रंगाची, मॅडम?" दाराजवळच्या घोळक्यातून कुणीतरी हसत विचारलं.

"लाल."

अंधारात ठेवलं होतं ते एकट्या बसप्पाला.

अकराला दहा कमी असतानाच स्पीकर खरखरला. "कोड पिंक! कोड पिंक!" मावशीनं घाई केलीच, असं पुटपुटत सुकन्या फाटकाकडे धावली.

बसप्पानं लाल चादरीचं गाठोडं घेतलेल्या एका बाईचं मनगट धरलं होतं.

"आरं, ड्रिल हाय की! सोड!" बाई करवादली. "मॅडम, सांगा की ह्येला."

दोन मिनिटं वीस सेकंद. सुकन्यानं वर फोन लावला. "चोर सापडला. ड्रिल बंद."

"पूर्ण गुण," परीक्षक म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला.

"मॅडम, चादर उघडून बगा," बसप्पा म्हणाला. त्याची पकड सुटली नव्हती. "आत कायतरी हाललं."

"बाहुली हलते होय रे? मिळालेले गुण घालवतोस?"

"पोराची शप्पत, हाललं."

"हात सोड आधी! टोपी ठेव आणि नीघ. बास झालं तुझं."

बसप्पानं हात सोडला. टोपी खुर्चीवर ठेवली, आणि सायकलच्या कुलपाशी जाऊन वाकला.

"मावशी, त्याचं मनावर घेऊ नका," सुकन्या म्हणाली. "समोर चहा घ्या, बाहुली मग वर नेऊन द्या."

"व्हय, व्हय," म्हणत बाईनं गाठोडं छातीशी धरलं आणि रस्ता ओलांडून ती गर्दीत शिरली.

सुकन्या डॉक्टरांना बातमी द्यायला वळली, तेवढ्यात फाटकातून एक घामेजलेली बाई आत आली. तिच्या काखेत लाल चादरीची घडी होती.

"मी केराबाई, रेश्माची मावशी. एष्टीनं लई उशीर केला बगा. बाहुली कुटं ठिवलीया, मॅडम?"