गाडीखालचा गंज

“पाइप ठेव खाली,” आई म्हणाली. “टाकीत पाणी नाही.”

“मागच्या रविवारी पण नव्हतं. आख्ख्या मिसरोदमध्ये आपलीच टाकी रिकामी कशी असते गं?”

आई गेटपाशी बसून कुंड्यांना गेरू लावत होती. हात कोपरापर्यंत लाल.

स्वरदाने पाइप आपटला. समोर बाबांची पांढरी गाडी उभी होती आणि आज ती जाणार होती.

बाबांची नोकरीतली शेवटची दोन वर्षं किन्नौरला गेली, धरणाच्या कामावर. तिथे बर्फ पडला की गाड्या घसरू नयेत म्हणून रस्त्यावर मीठ टाकायचे. ते खारट चिखल होऊन गाडीच्या पोटाला चिकटतं आणि पत्रा खाऊन टाकतं. म्हणून बाबांनी पहिला बर्फ पडायच्या आधीच गाडीला खालून जाड काळा थर मारून घेतला होता. वर दर रविवारी गाडीखाली आडवे होऊन पाइपने धुवायचे. भोपाळला परत आल्यावरही सवय सुटली नाही. “वरून गाडी लोकांसाठी धुवायची, खालून आपल्यासाठी,” असं म्हणत त्यांनी स्वरदालाही शिकवलं.

एप्रिलमध्ये बाबा गेले. तेव्हापासून रविवारी गाडीखाली स्वरदा जायची. जानेवारीत तिला अठरा वर्षं पूर्ण होणार होती. लायसन्स मिळालं की पहिली फेरी भोजपूरची, हे बाबांशी ठरलेलं होतं.

आणि मागच्या आठवड्यात इंदूरहून आजीचा फोन आला. परीक्षितकाका गाडी घेऊन जाईल, घरातली वस्तू घरातच राहील. आई म्हणाली, “बरं.”

बस. एवढंच. बरं.

“तू नाही का म्हणत नाहीस?” स्वरदा आईसमोर जाऊन उभी राहिली.

“कुणाला?”

“काकाला. आजीला. कुणालाही, आयुष्यात एकदा तरी.”

“उन्हात उभी राहू नकोस.”

“आणि यंदा आपल्याकडे सण नाहीये ना? मग हे गेरू, रांगोळी कशाला काढून बसलीयेस?”

“कुंड्या तडकतात रंग नसला की.”

“एवढ्या पुड्या संपवल्यास आणि कुंड्या चार. त्याही अर्ध्या. तुला एक गोष्ट धड पूर्ण करता येत नाही.”

हे जरा जास्तच झालं, हे तिलाही कळलं. पण राग इतका होता की शब्द परत घ्यायला जागाच नव्हती. तिने पायाने रांगोळीचा डबा उडवला. तो रिकामाच होता, खणखणत गेटपर्यंत गेला आणि तिथे उभ्या असलेल्या परीक्षितकाकाच्या बुटाला लागला.

काका बसने आला होता, कारण जाताना गाडी चालवत जायची होती. काखेत नवी सीट कव्हरं.

“काय बेटा, मूड ऑफ?” तो हसला. “अगं, दादाची गाडी परक्याकडे थोडीच जातेय. आमचा चिन्मय शिकेल हिच्यावर.”

“चिन्मय माझ्याहून सहा महिन्यांनी लहान आहे.”

“मुलग्याचं वेगळं असतं. तुला आपण स्कूटी बघू. टेन्शन नका घेऊ वहिनी. बायकांच्या घरात गाडी नुसती उभी राहून सडते.”

स्वरदाने आईकडे बघितलं. आता तरी बोल. आईने हात पदराला पुसले आणि खुंटीवरची किल्ली आणून दिली.

“भाऊजी, एकदा खालून बघून घ्या फक्त. नंतर म्हणाल, वहिनींनी सांगितलं नाही.”

“त्यात काय बघायचंय?”

“बर्फातून आलेली आहे. तिकडे मीठ टाकतात रस्त्यावर.”

“मला सांगताय? सगळं ठाऊक आहे मला.” काका पोट सांभाळत वाकला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि तसाच राहिला. “अरे यार. वहिनी, ये तो पूरी सड गई.”

स्वरदा फरशीवर पालथी पडली. या चाकापासून त्या चाकापर्यंत तांबडे पापुद्रे, मधे मधे मिठासारखे पांढरे डाग. पंधरा दिवसांपूर्वी तिने स्वतः बघितलं होतं, तेव्हा सगळं काळं कुळकुळीत होतं. तिने हात आत घातला.

“हात नको लावूस, धनुर्वात होईल,” काका ओरडला. “हे असंच असतं. मीठ आत दबून बसतं आणि मग एकदम फुटतं. हिच्यात चिन्मयला बसवू? वाटेत सीहोरलाच बूड निखळेल.” त्याने किल्ली आईच्या हातात ठेवली. “भंगारात द्या. आईला मी सांगतो.”

“बरं,” आई म्हणाली.

सीट कव्हरं काखेत मारून काका चालत बसस्टॉपकडे गेला. चहालाही थांबला नाही.

स्वरदा गाडीखालून बाहेर आली. “तुझ्यामुळे झालं हे. मागच्या रविवारी धुऊ दिलं असतंस तर बाबांची गाडी वाचली असती. तुला काही वाटतच नाही का?”

आई किल्ली खुंटीला लावत होती.

“आता धू,” ती म्हणाली. “पाणी आलंय टाकीत.”

“आता काय उपयोग?”

आई चहा टाकायला आत गेली होती.

स्वरदाने रागारागाने नळ सोडला. पाणी असं जोरात आलं की पाइप हातातून उडाला. तो पकडून ती गाडीखाली सरकली, डोळे मिटले आणि वर धार धरली. तोंडावर, गळ्यावर गार चिखल ओघळला. कितीतरी वेळ ती तशीच पडून राहिली.

डोळे उघडले तेव्हा वर बाबांचा काळा थर होता. ओला, गुळगुळीत, एक ओरखडा नाही. तिने मान वळवली. लाल पाणी उतारावरून गेटकडे वाहत गेलं आणि चार अर्ध्या कुंड्यांपाशी, आईच्या गेरूच्या वाटीतून सांडलेल्या थेंबांत मिसळलं. रंग एकच होता.