घरून आणलेला ओरखडा

ओरखडा कुठे आहे ते शोधायला शाळेच्या सिस्टरबाईंना चष्मा लावावा लागला. कोपराच्या खाली, मांजरीलाही लाज वाटावी एवढासा. "घरी लागलं," मुलगी म्हणाली. "पट्टी बांधा ना. पूर्ण बांधा."

तिसरीतली ही भिंगरी आठवड्यातून दोनतीनदा यायचीच. कधी गुडघा, कधी अंगठा. सगळं घरून आणलेलं. गणिताच्या बाईंचं मत ठरलेलं होतं, पाढे चुकवायची नाटकं. सिस्टरबाईंना ते पटत नव्हतं. पाढे चुकवणारी मुलं पोट धरून येतात आणि कॉटवर पडल्या पडल्या बरी होतात. ही टक लावून सिस्टरबाईंचे हात बघत बसायची. आधी पाणीच का? कापूस का नाही? पट्टी सैल का? नुसतं भंडावून सोडायची.

बांधून झाल्यावर सिस्टरबाईंनी नेहमीप्रमाणे तिचं नख दाबलं. नख पांढरं झालं, सोडल्यावर पुन्हा गुलाबी. "रक्त आलं घरी," त्या म्हणाल्या. पट्टी घट्ट झाली नाही ना, हे बघायची ही त्यांची रीत. पोरं पाठीमागे त्यांना 'रक्तघर बाई' म्हणायची, तेही त्यांना ठाऊक होतं.

पण आज त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. इतक्या वर्षांत एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. बारीकसा ओरखडा दाखवायला येणारं मूल मोठं काहीतरी झाकत असतं. घरी कोण कोण असतं विचारलं, तर आई आणि मी. आई बरी आहे ना, म्हटल्यावर मात्र या बडबडीने चक्क तोंड मिटलं. सिस्टरबाईंनी आईला बोलावणं धाडलं.

दुसऱ्या दिवशी आई आली, लाँड्रीतून तशीच, उजवा हात पिशवीमागे घेऊन. सिस्टरबाईंनी आडवळण घेतलं नाही. घरी पोरीवर कोणी हात उचलतं का, असं तोंडावर विचारलं. आईचा चेहरा पडला. तिने पिशवी खाली ठेवली आणि हात पुढे केला.

मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी. एकेक बोट वेगळं, नखं उघडी, गाठ न मारता टोक आत खोचलेलं. वाफेच्या इस्त्रीने भाजलं होतं. शेजारीण टूथपेस्ट घेऊन धावली, तर पोरीने शाळेत पाहिलेलं आठवून तिला दारातच अडवलं आणि आईचा हात नळाखाली धरून ठेवला. पाण्याने निभावलं, असं डॉक्टरही म्हणाले. तेव्हापासून रोजची पट्टी पोरच बदलते. काही अडलं, की दुसऱ्या दिवशी अंगावर एखादा ओरखडा शोधून शाळेत घेऊन जाते. एवढ्याशा पोरीकडून करून घेते म्हणून लोक नावं ठेवतील, या भीतीने आईनेच तिला गप्प बसवलं होतं.

सिस्टरबाईंनी आईचा हात हातात घेऊन पट्टी निरखली. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला. पट्टीत काढायला खोट नव्हती. त्यांनी स्वतः बांधली असती तर अशीच बांधली असती. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी सवयीने आईचं नख दाबलं. पांढरं झालं. मग गुलाबी. त्या तोंड उघडणार, एवढ्यात आईच म्हणाली, "रक्त आलं घरी. हे मी म्हटल्याशिवाय ती मला कामाला सोडत नाही, सिस्टर."